उतारशाळेच्या मालकाला आपण विसरलो : वैद्यकीय मिशन शिबिरे भरवणाऱ्यांना खुले पत्र

वैद्यकीय मिशन शिबिरे भरवणाऱ्या सर्व मंडळ्यांचे पाळक, वडीलजन, शिबिरप्रमुख आणि सोबत येणारे डॉक्टर यांस,

ख्रिस्तात प्रिय बंधुभगिनींनो, सप्रेम सलाम.

मी परिचारिका आहे. गेल्या नऊ वर्षांत आपल्यापैकी निरनिराळ्या मंडळ्यांबरोबर मी अकरा शिबिरांना गेले. बहुतेक वेळा माझी जागा औषधांच्या टेबलामागे असते. डॉक्टरांची चिठ्ठी आली की गोळ्या मोजायच्या, वाचता न येणाऱ्यांसाठी पाकिटावर पेनाने सूर्य किंवा चंद्र काढायचा, दुभाष्याकडून दोन वाक्ये सांगायची आणि पुढच्या माणसाला बोलवायचे. हे काम मला मनापासून आवडते. रजा काढून, पदरचा प्रवासखर्च करून मी येते, आणि प्रभूने हे हात दिले ते याचसाठी असे मला तिथे उभे असताना वाटते. तेव्हा हे पत्र बाहेरच्या कुणी केलेली टीका समजू नका. जाहीरपणे लिहिते आहे, कारण शिबिर उठल्यावर रुग्णाकडे पुढे कोण बघणार हा प्रश्न एकाच मंडळीचा, एकाच चर्चचा नाही. शिवाय खाजगीत मी तीनदा बोलले आहे. तिन्ही वेळा माझे शांतपणे ऐकून घेतले गेले, शेवटी प्रार्थना झाली, आणि पुढचे शिबिर आधीच्यासारखेच पार पडले.

एका बाईची हकीकत आधी सांगते.

डोंगरातल्या एका गावी आपण लागोपाठ दोन वर्षे गेलो. एरवी दरवर्षी नवे गाव निवडले जाते. त्या वर्षी ठरलेल्या गावाचा रस्ता खचला म्हणून जुन्याच गावी जावे लागले. पहिल्या वर्षी रांगेत साठीची एक बाई होती. बीपी १९०/११०. डॉक्टरांनी ॲम्लोडिपिन हे रक्तदाबाचे औषध लिहून दिले, रोज एक. मी तीस गोळ्या मोजल्या, पाकिटावर सूर्य काढला आणि 'रोज सकाळी एक, चुकवायची नाही' असे दुभाष्याकडून सांगितले. दुसऱ्या वर्षी तीच बाई पुन्हा माझ्या टेबलासमोर आली. कमरेची पुरचुंडी सोडून तिने ते पाकीट माझ्यापुढे ठेवले. सूर्य पुसट झाला होता. आत चार गोळ्या होत्या.

'जपून वापरल्या,' ती म्हणाली.

डोके जड वाटले की त्या दिवशी एक घ्यायची, असे करत तिने त्या गोळ्या वर्षभर पुरवल्या होत्या. पुरचुंडी तिने एका हाताने सोडली, ते माझ्या उशिरा लक्षात आले. डावा हात कोपरात मुडपून छातीशी धरलेला होता. पावसाळ्यात एका सकाळी उठले तर तो उचलेचना, असे तिने सांगितले. ती तक्रार घेऊन आली नव्हती. आभार मानायला आली होती, आणि आणखी तीस गोळ्या मागायला.

मी मोजून दिल्या. त्या क्षणी माझ्याकडे देण्यासारखे दुसरे काही नव्हते.

संध्याकाळी आवराआवर चालू असताना एक तरुण परिचारिका शिबिर बघायला आली. ११ किलोमीटरवरच्या सरकारी आरोग्य केंद्रात ती चार वर्षे नोकरीला होती. मी तिला त्या बाईबद्दल बोलले. ॲम्लोडिपिन तिच्या कपाटात होते, फुकट मिळत होते, आणि महिन्यातून एकदा ती त्या डोंगराच्या पायथ्याशी लसीकरणाला येत होती. 'गेल्या वर्षी मला नाव कळवले असते तर मी दर महिन्याला गोळ्या दिल्या असत्या,' असे तिने सरळ सांगितले. तिच्या बोलण्यात राग नव्हता. दोन वर्षांत आपल्यापैकी कुणीही तिला भेटले नव्हते. अशी कुणी आहे हेच आपल्याला ठाऊक नव्हते, कारण आपण विचारले नव्हते.

त्या रात्री मला झोप लागली नाही. आधी वाटले, चूक माझी. गोळ्या मीच मोजल्या, महिन्यानंतर काय हे मी विचारायला हवे होते. ती चूक माझी आहेच. पण पुढे प्रत्येक शिबिरात मी बघू लागले, आणि दिसले असे की महिन्यानंतर काय हा प्रश्न आपल्या शिबिराच्या आखणीतच नसतो. गाडी, जेवण, बॅनर, सकाळची उपासना, टेबलांची मांडणी, औषधांची खोकी, सगळ्याची यादी महिनाभर आधी तयार असते. यादीतली शेवटची ओळ परतीच्या गाडीची. त्यापुढे कागद कोरा.

आपले अहवाल काढून बघा. पहिल्या ओळीत किती रुग्ण तपासले तो आकडा असतो. चार डॉक्टर, सहा तास, चारशे माणसे हे आपले नेहमीचे प्रमाण आहे. हिशेब केला तर माणशी साडेतीन मिनिटे येतात, आणि त्यातला निम्मा वेळ भाषांतरात जातो. मी या डॉक्टरांबरोबर दिवसभर उभी राहिले आहे. ते पाणी प्यायलाही उठत नाहीत. त्यांच्या कष्टाबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पण दोन मिनिटांत चिठ्ठी लिहिता येते, माणूस कळत नाही, आणि आपण आकडा मोठा झाला म्हणून देवाचे आभार मानतो. त्या बाईचे नाव त्या आकड्यात दोनदा आहे. दोन्ही वर्षी ती आपल्या अहवालात 'लाभार्थी' होती.

येशूने सांगितलेला चांगल्या शोमरोन्याचा दाखला आपण जवळजवळ प्रत्येक शिबिरात सकाळी वाचतो. यरीहोच्या रस्त्यावर लुटारूंनी एका माणसाला अर्धमेला करून टाकले होते. याजक बाजूने निघून गेला, लेवी निघून गेला, शोमरोनी थांबला, तेल आणि द्राक्षारस ओतून त्याने जखमा बांधल्या. आपले संदेश बहुधा इथवर येऊन थांबतात. लूकच्या दहाव्या अध्यायात दाखला मात्र पुढे जातो. शोमरोनी त्या माणसाला स्वतःच्या जनावरावर बसवतो, उतारशाळेत, म्हणजे वाटसरूंच्या मुक्कामाच्या जागी नेतो, तिथे त्याची सेवा करतो. दुसऱ्या दिवशी दोन दिनार काढून उतारशाळेच्या मालकाच्या हातात देतो, याची काळजी घे म्हणतो, आणि जास्त खर्च झाला तर परत येताना फेडीन असे कबूल करतो. दिनार म्हणजे त्या काळी मजुराची दिवसाची मजुरी. हे मी शंभर वेळा वाचले होते. त्या रात्री पहिल्यांदा माझे लक्ष उतारशाळेच्या मालकाकडे गेले.

शोमरोनीसुद्धा आपल्यासारखाच वाटसरू होता. त्याला पुढे जायचेच होते, आणि तो गेला याबद्दल येशूने त्याला दोष दिलेला नाही. पण जाण्यापूर्वी, जो तिथेच राहणार आहे त्याच्या हाती त्याने जखमी माणूस सोपवला, खर्चाची तरतूद केली आणि परत येण्याचा शब्द दिला. आपण तेल आणि द्राक्षारस ओततो आणि जखमी माणसाला यरीहोच्या रस्त्यावरच ठेवून गाडीत बसतो. तिथून ११ किलोमीटरवर उतारशाळा असते, आणि तिच्या कपाटात औषध असते.

माझे म्हणणे एवढेच आहे. बाकीचे सगळे मी याच एका गोष्टीसाठी लिहिते आहे.

एका दिवसात काहीच होत नाही असे मी म्हणणार नाही. जवळचे दिसत नसलेल्या पन्नाशीच्या बाईला चष्मा दिला आणि तिने तिथेच सुईत दोरा ओवला, हे मी पाहिले आहे. ते काम त्या दिवशीच पुरे होते. किडलेली दाढ नीट काढली, रक्त थांबले, दोन दिवसांनी गालाला सूज आली तर कुठे जायचे ते सांगितले, तर तेही पुरे होते. जुलाब लागलेल्या लेकराला काय पाजायचे हे आईला तिच्याच भांड्यात करून दाखवले, एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट लहान चमचे साखर, अर्धा लहान चमचा मीठ, तर ती आई पुढच्या साऱ्या लेकरांना ते पाजते. हे काम आपण फार कमी करतो. त्याला वेळ लागतो आणि अहवालात ते एकच नाव धरले जाते.

पण ज्या आजाराचे औषध रोज आणि वर्षानुवर्षे घ्यायचे, त्याला एका दिवसाचे शिबिर काय करणार? बीपी एकदा वाढलेले दिसले म्हणून आजार ठरत नाही. वेगवेगळ्या दोन दिवशी मोजून १४०/९० किंवा वर आले तर तो धरायचा असतो. अनोळखी माणसांच्या गर्दीत, तीन तास उन्हात उभे राहिल्यावर कुणाचेही बीपी चढेल. शुगरचे तर मला जास्त भय वाटते. ग्लिबेनक्लामाइडसारखी गोळी घेतली आणि त्या दिवशी घरात चूल पेटली नाही, तर रक्तातली साखर धोक्याच्या खाली उतरते. आपण जिथे जातो तिथे दोन वेळच्या जेवणाची खात्री नसते, आणि गोळी देताना 'आज जेवलात का' हे विचारायला साडेतीन मिनिटांत जागा नसते. खोकल्याचेही तसेच. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर थुंकी तपासायला पाठवायचे, हे आपल्याला पाठ आहे. तरी रांग लांबली की लिव्होफ्लॉक्सासिन या अँटिबायोटिकचा पाच दिवसांचा कोर्स हातात पडतो. टीबी असला तर त्या औषधाने तो काही दिवस दबतो, माणसाला बरे वाटते, निदान लांबते, आणि तोवर घरातली लहान मुले त्याच खोलीत त्याच्या शेजारी झोपत असतात. टीबीचा साधा उपचारसुद्धा सहा महिन्यांचा आहे. सहा महिने कोण बघणार? जो तिथे राहतो तो.

मोतीबिंदूची शिबिरे करणाऱ्यांना हे पक्के ठाऊक आहे. शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्या दिवशी पट्टी काढून डोळा बघावा लागतो, आणि काही आठवडे थेंब घालावे लागतात. पहिल्या काही दिवसांत डोळ्यात जंतुसंसर्ग झाला आणि बघायला कुणी नसले तर डोळा जातो. ज्या मंडळींनी हे मनावर घेतले त्यांनी शस्त्रक्रिया गावातल्या शाळेत करणे सोडले आणि रुग्णांना रुग्णालयात आणून, ठेवून घेऊन, परत पोचवायला सुरुवात केली. डोळ्याला जो न्याय लावला तो रक्तदाबाला का लावू नये?

या बाबतीत आपल्याला बाहेरून शिकण्याची गरजच नाही, कारण आपल्याच मिशनांचा इतिहास हेच सांगतो. आयडा स्कडर ही मिशनरी डॉक्टरची मुलगी. एका रात्री तीन घरांतले पुरुष तिच्याकडे आले; बाळंतीण अडली होती, आणि पुरुष डॉक्टरला आत घ्यायला कुणी तयार नव्हते. तिन्ही बायका गेल्या. आयडा शिकायला अमेरिकेला परत गेल्या, डॉक्टर झाल्या आणि १९०० साली वेल्लोरला एका खाटेचा दवाखाना घेऊन बसल्या. खेड्यांकडे त्याही गाडी घेऊन जात, पण ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या रस्त्याने, पुन्हा पुन्हा. म्हणून झाडाखाली वाट बघणाऱ्याला आज ड्रेसिंग केले तर पुढच्या खेपेला ते बदलले जाई. आणि १९१८ मध्ये त्यांनी तिथल्या मुलींसाठी वैद्यकीय शाळा काढली. आपण नसू तेव्हा कोण, या प्रश्नाचे उत्तर त्यांनी असे दिले. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेला रुग्णालय उभे केले तेही मुक्कामाला राहण्यासाठी.

पॉल ब्रँड १९४६ मध्ये वेल्लोरला आले आणि कुष्ठरोगाने आकसलेल्या बोटांवर शस्त्रक्रिया करू लागले. स्नायुबंध एका जागेहून दुसऱ्या जागी बसवून त्यांनी मिटलेले हात उघडले. मग काही रुग्ण त्यांच्याकडे येऊन म्हणाले की या चांगल्या हातांना आता भीक मिळत नाही. ब्रँड यांनी ते कृतघ्नपणाचे बोलणे मानले नाही. त्यांनी माणसांना हाताचे काम शिकवण्याची सोय केली, आणि बधिर पायांसाठी पादत्राणे कशी असावीत याचा वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. मला शस्त्रक्रियेपेक्षा ही गोष्ट मोठी वाटते. शस्त्रक्रिया झाली तिथे त्यांचे काम संपत नव्हते.

आणि जामखेड. वेल्लोरला शिकलेले डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे ख्रिस्ती दाम्पत्य १९७० मध्ये तिथे गेले आणि गावोगावच्या बायकांना त्यांनी आरोग्याचे काम शिकवले. त्यांतल्या कितीतरी जणींना अक्षरओळख नव्हती, कितीतरी जणी गावाने शिवायचे नाही अशा जातींतल्या होत्या. त्या बाळंतपणे करू लागल्या, बाळांची वजने घेऊ लागल्या, कोणाला दवाखान्यात धाडायचे ते ओळखू लागल्या. डॉक्टर निघून गेला तरी गावात कुणीतरी उरतेच, हे त्यांनी दाखवून दिले. जागतिक चर्च परिषदेने १९६८ मध्ये ख्रिस्ती वैद्यकीय आयोग नेमला होता, तोही याच निष्कर्षाला आला होता: मंडळ्यांचा पैसा बहुतांशी रुग्णालयांच्या भिंतींत आणि उपचारांत जातो, खेड्यातल्या माणसापर्यंत पोचत नाही. त्या आयोगाचा विचार जागतिक आरोग्य संघटनेपर्यंत गेला, आणि १९७८ मध्ये अल्मा-आटा इथे प्राथमिक आरोग्यसेवेचा जो जाहीरनामा झाला त्याच्या मुळाशी हा विचारही होता. आपल्याच वडीलधाऱ्यांनी जगाला शिकवलेला धडा आपण दर शिबिराला विसरतो, याचे मला दुःख होते.

उतारशाळेचा मालक नसला की आणखी एक नुकसान होते, ते भाषेचे. एका शिबिरात तपासणीच्या बाकावर एक आई आणि तिचा बारा वर्षांचा मुलगा बसले होते. गावात आपली भाषा येणारा तो एकटाच होता. आईला अंगावरून पांढरे जात होते, वास येत होता, ओटीपोट दुखत होते. हे सगळे तिने मुलाच्या तोंडून डॉक्टरांना सांगायचे होते. ती काहीच बोलली नाही. मुलाने सांगितले, 'पाठ दुखते.' चिठ्ठीवर पाठदुखीची गोळी आली. टेबलापाशी मी मुलाला पाणी आणायला पाठवले तेव्हा तिने खुणेने मला खरे ते दाखवले, म्हणून कळले. तिथली परिचारिका शेजारी बसली असती तर हा प्रसंगच आला नसता. शुभवर्तमानातला बार्तीमय आंधळा होता हे सगळ्यांना दिसत होते, तरी येशूने त्याला विचारले की मी तुझ्यासाठी काय करावे असे तुला वाटते. विचारायचे, आणि सांगणाऱ्याला मोकळेपणाने सांगता येईल अशी जागा आणि माणूस द्यायचा. पडदा लावायला एक चादर पुरते.

आता प्रार्थनेबद्दल लिहिते, आणि जपून लिहिते, कारण मी प्रार्थना करणारी बाई आहे. काही शिबिरांत प्रार्थनेचे टेबल डॉक्टरांचे टेबल आणि औषधांचे टेबल यांच्या मध्ये असते. मांडणाऱ्यांचा हेतू शुद्ध असतो. पण रांगेतला माणूस हेतू बघत नाही, क्रम बघतो: आधी डॉक्टर, मग प्रार्थना, मग गोळ्या. एकदा एक बाप माझ्याकडे आला. त्याच्या हातात दोन चिठ्ठ्या होत्या, एक त्याची, एक घरी तापाने पडलेल्या मुलाची. मुलाच्या औषधासाठी मी वेगळी प्रार्थना करून यायची का, असे त्याने विचारले. त्या प्रश्नाने मला आतून हलवले. आपल्या देवाचे नाव त्याने औषधाची पावती म्हणून ऐकले होते. येशूच्या शब्दाने दहा कुष्ठरोगी शुद्ध झाले, एकच परत येऊन पाया पडला, आणि उरलेल्या नऊ जणांचे बरे होणे प्रभूने काढून घेतले नाही. आपत्तीतल्या मदतीसाठी १९९४ मध्ये रेड क्रॉसच्या चळवळीने आणि मदतसंस्थांनी मिळून आचारसंहिता केली. मदतीचा वापर कोणताही राजकीय किंवा धार्मिक दृष्टिकोन पुढे नेण्यासाठी केला जाणार नाही, असे तिच्यात आहे, आणि ती मांडणाऱ्यांत जागतिक चर्च परिषद, लुथरन वर्ल्ड फेडरेशन आणि कॅरितास होते. म्हणजे आपलीच माणसे. प्रार्थनेचे टेबल असू द्या. ते रांगेच्या बाहेर, बाजूला, गोळ्या मिळाल्यानंतर लागेल असे ठेवा. ज्याला यायचे तो येईल, आणि मनापासून येईल.

औषधांच्या खोक्यांबद्दल थोडक्यात. मुदत संपायला दोन महिने उरलेल्या गोळ्या, अर्धे वापरून झालेले सिरप, तिथे कुणालाच वाचता न येणाऱ्या भाषेतली लेबले, हे सगळे मी खोक्यांतून काढले आहे. जागतिक आरोग्य संघटनेने देणगीच्या औषधांबाबत १९९६ सालीच मार्गदर्शक सूचना दिल्या: घेणाऱ्याने मागितलेली औषधेच द्यावीत, पोचल्यावर किमान एक वर्ष मुदत असावी, कुणी वापरून परत केलेली औषधे देऊ नयेत. जे औषध आपण आपल्या आईला देणार नाही ते खोक्यात घालू नका. आणि मेडिकलच्या विद्यार्थ्यांना इथे जे करायची परवानगी नाही, ते त्यांनी तिथे जाऊन करू नये. गरिबाचा दात हा कुणाचा सराव नाही.

'काहीच नाही त्यापेक्षा हे बरे' असे मला तिन्ही वेळा सांगितले गेले. मीही पूर्वी हेच म्हणायची. पण 'काहीच नाही' असे आपण न बघता धरून चालतो. ती परिचारिका चार वर्षे तिथे होती. तिच्याकडे पुरेशी साधने नव्हती, मदतीला कुणी नव्हते, तरी ती होती. आपले शिबिर झाले की पुढचे काही आठवडे लोक तिच्याकडे शिबिरातल्या रंगीत गोळ्या मागतात आणि तिच्या गोळ्या हलक्या म्हणून परत करतात, हेही तिनेच मला सांगितले. ती हे सांगताना संकोचत होती. तिच्या चार वर्षांच्या कामावर आपण एका दिवसात पाणी ओतले होते, आणि तिला आपल्यालाच दुखवायचे नव्हते.

म्हणून माझी विनंती आहे. पुढच्या गावाची तारीख ठरवण्याआधी दोन महिने आपल्यातल्या एकाने तिथे जावे, बॅनर न घेता. आरोग्य केंद्रात बसावे, तिथल्या परिचारिकेला, दाईला, गावातल्या जाणत्या बायकांना विचारावे की तुम्हाला काय हवे. त्यांनी शिबिर नको, अडलेल्या बाळंतिणीला खाली न्यायला गाडीची सोय करा असे सांगितले, तर त्या वर्षीचे शिबिर रद्द करून गाडी द्यावी. शिबिर झालेच तर ती परिचारिका डॉक्टरांच्या शेजारी बसावी, पाहुणी म्हणून नाही, घरची म्हणून. रोजचे औषध लागणाऱ्या प्रत्येकाचे नाव, त्याची परवानगी घेऊन, दोन वह्यांत लिहावे. एक वही तिच्याकडे राहावी, एक आपल्याबरोबर यावी. तिच्या कपाटात मिळणारे औषधच लिहून द्यावे, मग आपल्या खोक्यात त्याहून भारी काही असले तरी. जमलेल्या देणगीतला एक भाग शिबिरानंतरच्या वर्षासाठी बाजूला काढावा: पुढे पाठवलेल्या रुग्णाचा प्रवास, सोबतच्या माणसाचा बुडालेला रोज, तपासण्या. ते आपले दोन दिनार. आणि परत जावे. बारा गावांऐवजी तीन गावे घ्या, पण त्या तिन्ही गावांना आपण पुन्हा कधी येणार हे महिन्यानिशी ठाऊक असू द्या.

देणगीदार मोठा आकडा मागतात, हे मला कळते. पाळकांवर तो भार असतो आणि मी तो उचललेला नाही. पण आपण त्यांना कधी दुसरे काही सांगून पाहिले आहे का? गेल्या वर्षी वहीत लिहिलेल्या चाळीस नावांपैकी किती जण अजून गोळ्या घेत आहेत, हे एकदा उपासनेनंतर उभे राहून सांगा. आकडा लहान असेल. मंडळी तो ऐकून घेईल, असा माझा विश्वास आहे. आपली माणसे तेवढी समजूतदार आहेत.

पुढच्या महिन्यात नव्या शिबिराची बैठक आहे. मी येणार आहे, आणि शिबिर कसेही ठरले तरी औषधांच्या टेबलावर उभी राहणार आहे, वही घेऊन. पहिले पान भरलेले आहे. त्या परिचारिकेला मी दर महिन्याला फोन करते. परवा तिने सांगितले की डावा हात छातीशी धरून ती बाई पायथ्याशी लसीकरणाच्या दिवशी स्वतः चालत आली होती, गोळ्या संपायला दोन दिवस उरले असताना. बीपी १४८/८८. तिने आणखी एका शेजारणीला सोबत आणले होते.

आपली बहीण,
औषधांच्या टेबलावरची परिचारिका